आरोग्याचे आकडे कसे वाचावेत?

सोलापूर-तुळजापूर मार्गावरील तामलवाडी घ्या, अथवा धाराशिव जिल्ह्यातील दुसरे कोणतेही गाव घ्या. गावाच्या आरोग्याच्या नोंदी निरनिराळ्या वह्यांत विखुरलेल्या असतात. जन्म-मृत्यू ग्रामपंचायतीत, बालकांची वजने अंगणवाडीत, तर लसीकरण उपकेंद्रात. त्यांवरून निष्कर्ष काढावयाचा, तर प्रथम माहितीचा प्रकार ओळखावयास हवा.

ढोबळमानाने असे प्रकार तीन. मुलगा की मुलगी, पाणी विहिरीचे की नळाचे, ही वर्गवाचक माहिती होय. तिची गणना होते, सरासरी निघत नाही. कुपोषण मध्यम की तीव्र, ही क्रमवाचक. वजन, उंची ही मापनवाचक. जन्मतः २,५०० ग्रॅमपेक्षा कमी भरणारे बालक कमी वजनाचे मानतात. वहीत केवळ तेवढाच शेरा मारला, तर २,४०० व १,४०० ग्रॅमची बालके एकाच रकान्यात जातात. धोका मात्र सारखा नसतो. म्हणून मूळ वजनच लिहावे.

दुसरी बाब छेदाची. समजा, एका गावात वर्षात ५० बालके जन्मली व १ दगावले. दर हजारी २० झाला. पुढील वर्षी तितक्याच जन्मांत २ दगावली, की तो ४० होतो. प्रत्येक मृत्यूची चौकशी व्हावयासच हवी. परंतु गावाची स्थिती खरोखर बिघडली काय, हे ठरविण्यास अनेक वर्षांचे आकडे एकत्र पाहावे लागतात.

तिसरी बाब तुलनेची. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याची व्यवस्था केली. तुलनेसाठी आणखी ४७ गावांतील जन्म-मृत्यूही नोंदविले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या २८ दिवसांतील मृत्युदर ३९ गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ वरून २५.५ वर आला. ४७ गावांत तो साठाच्या आसपासच राहिला. ही दुसरी बाजू नसती, तर घट उपचारामुळे झाली की काळानुसार आपोआप, हे सांगता आले नसते. पुढे २०११ साली हे काम आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू झाले.

या सर्वांचे मूळ गावच्या नोंदवहीत आहे. जन्म वा मृत्यू २१ दिवसांच्या आत नोंदविला जावा, असा नियम आहे. जन्मून दोन दिवसांत दगावलेल्या बालकाच्या दोन्ही नोंदी व्हावयास हव्यात. त्या राहिल्या, तर ते बालक अंशातही नसते आणि छेदातही नसते. मग त्याच्यासारख्या दुसऱ्या बालकास वाचविण्याची गरजही कागदावर उमटत नाही.