पवारणा : मैत्रीची कसोटी

बुद्ध, धम्म आणि संघ या तीन शरणांपैकी पहिल्या दोहोंविषयी आपण पुष्कळ बोलतो. तिसऱ्याविषयी फार थोडे. संघ म्हणजे एकत्र राहून परस्परांना घडविणाऱ्यांचा समुदाय. एका छताखाली निजणे, एका पंगतीत जेवणे, एकाच घंटेवर उठणे हे ज्यांच्या वाट्याला आले आहे, त्या निवासी शाळेतील विद्यार्थ्यांना संघजीवनाचा अर्थ इतरांहून लवकर कळावा. म्हणून या लेखात सहजीवनातील एका अवघड प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे : मित्राची चूक दिसली असता मित्राने काय करावे?

हा प्रश्न नित्याचा आहे. शेजारच्या खाटेवरील सोबत्याच्या उशीखाली तंबाखूची पुडी आढळते. परीक्षेत जिवलग मैत्रीण चिठ्ठी उलगडताना दिसते. कोणाच्या पेटीतील पैसे नाहीसे होतात आणि ते कोणी घेतले हे एकालाच ठाऊक असते. अशा वेळी ‘कोणाला सांगू नकोस’ ही विनंती ठरलेली. सांगावे तर चुगलखोर ठरण्याचे भय, न सांगावे तर मनाला टोचणी. एकीकडे मैत्री आणि दुसरीकडे शील, यांपैकी एक गमवावेच लागणार असे वाटू लागते.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात या प्रश्नाचा उलगडा शोधता येतो. राजगृहात सिगाल नावाचा गृहपतिपुत्र पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना वंदन करीत असे, कारण पित्याने अंतकाळी तसे सांगितले होते. तथागतांनी त्याला दिशांचा निराळा अर्थ समजाविला. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे आचार्य, उत्तर म्हणजे मित्र. दिशेची खरी पूजा म्हणजे त्या त्या नात्यातील कर्तव्याचे पालन. पुढे त्यांनी मित्राचा वेष घेतलेले चार अमित्र सांगितले. त्यांपैकी एक आहे गोड बोलणारा : तो आपल्या चांगल्या कृत्याला होकार देतो, वाईट कृत्यालाही होकारच देतो, तोंडावर स्तुती करतो आणि पाठीमागे निंदा. सदैव ‘हो’ म्हणणारा सोबती आपल्याला प्रिय वाटतो. परंतु सुत्तात त्याचे स्थान अमित्रांत आहे.

याच सुत्तात खऱ्या मित्राची दोन लक्षणे येतात, ती वरकरणी परस्परविरोधी भासतात. सुखदुःखात सारखा राहणारा मित्र आपले गुपित राखतो, हे एक. हिताची वाट दाखविणारा मित्र आपल्याला पापापासून आवरतो, हे दुसरे. गुपित राखावे की आवरावे? आमच्या मते दोन्ही. मित्राच्या घरची विवंचना, त्याची भीती, त्याचे रडणे ही त्याची गुपिते आहेत. ती चव्हाट्यावर मांडणे हा विश्वासघात होय. परंतु त्याच्या हातून घडणारे अकुशल कर्म त्याच्यापासूनच लपवून ठेवणे, म्हणजे ते दिसूनही न दिसल्यासारखे करणे, याला गुपित राखणे म्हणत नाहीत. जगापुढे त्याची लाज राखावी आणि त्याच्यापुढे सत्य बोलावे, असा या दोन लक्षणांचा मेळ आहे.

गप्प राहिल्याने शांतता टिकते, असा युक्तिवाद पुष्कळदा केला जातो. विनयपिटकातील महावग्गात याविषयी एक कथा आहे. कोसल जनपदात काही भिक्खूंनी वर्षावासात भांडण होऊ नये म्हणून परस्परांशी बोलायचेच नाही असे ठरविले. खुणांनी कामे उरकून त्यांनी तीन महिने काढले आणि श्रावस्तीस येऊन आपण सुखाने राहिलो असे सांगितले. तथागतांनी त्यांची प्रशंसा केली नाही. मुक्या जनावरांप्रमाणे राहून त्यालाच सुख मानल्याबद्दल त्यांनी दोष दिला आणि वर्षावासाच्या अखेरीस पवारणेचा विधी घालून दिला. माझ्याकडून काही दोष घडलेला कोणी पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका असेल, तर अनुकंपेने मला सांगावे, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. विशेष हे की, ही विनंती सर्वांत ज्येष्ठ भिक्खूने प्रथम करावयाची असते.

सांगण्याचीही रीत आहे. सत्य हातात आले म्हणून ते दगडासारखे फेकावयाचे नसते. दोष दाखविणाऱ्याने पाच गोष्टी पाळाव्यात असे विनय सांगतो : योग्य वेळ पाहावी, खरे तेच सांगावे, मृदू शब्दांत सांगावे, हिताचे असेल तरच सांगावे आणि मनात मैत्री ठेवून सांगावे. भर वर्गात मित्राला उघडे पाडणे यांतील पहिल्याच कसोटीला उतरत नाही. ही रीत सुटली की काय होते, हे कोसंबीच्या कलहात दिसते. शौचकूपातील भांड्यात उरलेल्या थोड्या पाण्यावरून संघात फूट पडली आणि तथागत सर्वांना सोडून एकटे वनात निघून गेले.

मात्र एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. चुकीमुळे तिसऱ्याला इजा होत असेल, लहान मुलांना कोणी मारीत किंवा धमकावीत असेल, अथवा मित्राच्याच जिवाला धोका असेल, तर केवळ त्याच्याशी बोलून भागत नाही; विश्वासातील वडीलधाऱ्यांना सांगितलेच पाहिजे. दुसऱ्या भिक्खूचा गंभीर अपराध जाणूनबुजून झाकणे हाही विनयात अपराधच मानला आहे. रक्षणासाठी सांगणे आणि सूड उगविण्यासाठी सांगणे यांत हेतूचे अंतर आहे, आणि ते ज्याने त्याने आपल्या मनाला विचारून ओळखावे.

येथे श्रद्धेचा संबंध येतो. कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा गुरूच्या अधिकारावर विसंबू नये असे सांगितले. तेव्हा बौद्धांची श्रद्धा पारखून ठेवलेली असते. मैत्रीतही असेच आहे. मित्राचे कठोर वाक्य माझ्या हितासाठी आहे, हा विश्वास त्याचे आचरण पाहूनच येतो. आणि तो असला म्हणजे ऐकून घेणे शक्य होते. ज्याला दोष सांगितला जातो त्याने सत्य सोडू नये आणि रागावू नये, एवढ्या दोन गोष्टी विनय त्याच्याकडून मागतो. सांगणाऱ्याला पाच आणि ऐकणाऱ्याला दोनच. परंतु या दोन अधिक कठीण आहेत.

हा धडा केवळ विद्यार्थ्यांसाठी नाही. श्रावस्तीच्या पूर्वारामात एका पवारणेच्या रात्री स्वतः तथागतांनी, माझ्या काया-वाचेच्या कर्मात तुम्हाला काही निंद्य दिसते काय, असे पाचशे भिक्खूंना विचारले होते. शास्ता जेथे विचारतो, तेथे आम्ही शिक्षकांनी न विचारणे शोभणार नाही. १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही आपली तत्त्वत्रयी बुद्धाच्या शिकवणीतून घेतल्याचे सांगितले आणि त्यात बंधुतेला सर्वांत वरचे स्थान दिले. लहानाने मोठ्याला निर्भयपणे दोष सांगावा आणि मोठ्याने तो ऐकून घ्यावा, याहून बंधुतेची सोपी परीक्षा आम्हाला ठाऊक नाही.

येत्या अश्विन पौर्णिमेस वर्षावास संपेल. त्या दिवशी प्रत्येकाने एका तरी मित्राजवळ जाऊन माझे काय चुकते, असे विचारावे आणि मध्ये न बोलता उत्तर ऐकावे, अशी आमची सूचना आहे.

चिंतनासाठी प्रश्न :
१. गुपित राखणे आणि दोष झाकणे यांतील भेद आपल्या अनुभवातील उदाहरणाने स्पष्ट करा.
२. दोष सांगण्याच्या पाच कसोट्यांपैकी आपल्याला सर्वांत कठीण कोणती वाटते व का?
३. पवारणेचा आरंभ ज्येष्ठाने करावा, यामागील कारण काय असावे?