आर्ताचे बोल आणि धर्मोपदेशकाचे शिक्षण

भगवद्गीतेत उपदेशापूर्वी श्रवण आहे. पहिल्या अध्यायाच्या २८ व्या श्लोकापासून अर्जुन बोलू लागतो, तो ४६ व्या श्लोकापर्यंत बोलतच राहतो. गात्रांचे शैथिल्य, तोंडाची कोरड, अंगाचा कंप, हातातून गळणारे धनुष्य ही शरीराची लक्षणे तो प्रथम सांगतो. कुलधर्माचा शास्त्रार्थ मागाहून येतो. हे सर्व होत असता श्रीकृष्ण मध्ये एक शब्दही बोलत नाहीत. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते त्याची थोडक्यात, कठोर शब्दांनी निर्भर्त्सना करतात. परंतु तेवढ्याने विषाद जात नाही. अर्जुन आपली अडचण पुन्हा मांडतो, बुद्धी मोहित झाल्याचे कबूल करतो आणि शिष्यभावाने मार्ग विचारतो. त्यानंतर ११ व्या श्लोकापासून खऱ्या उपदेशास प्रारंभ होतो.

या क्रमाचा विचार धर्मोपदेशकांनी विशेष करावयास हवा. पुत्रशोकाने खचलेली माता, कर्जाने गांजलेला शेतकरी, परीक्षेत अपयश आलेला विद्यार्थी, हे सर्व वैद्याकडे जाण्यापूर्वी पुष्कळदा देवळाच्या पायरीशी किंवा साधूच्या चरणाशी येतात. समोर बसलेल्या पुरोहिताला, कीर्तनकाराला वा मुनीला मंत्र मुखोद्गत असतो, टीका पाठ असते. पण दुसऱ्याचे दुःख कसे ऐकावे, हे त्याला कोणी शिकविलेले असते काय? हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, एवढे एकच वाक्य अशा वेळी शास्त्रवचन म्हणून उच्चारले जाते आणि जखमेवर मीठ होऊन पडते.

या प्रश्नाचे एक उत्तर राजस्थानात मिळते. जैन श्वेतांबर तेरापंथ संघाचे आचार्य तुलसी यांच्या सान्निध्यात १९७५ साली जयपूरच्या चातुर्मासात एका ध्यानपद्धतीला ‘प्रेक्षाध्यान’ हे नाव मिळाले. तिचे प्रवर्तक मुनी नथमल. हेच पुढे आचार्य महाप्रज्ञ या नावाने प्रसिद्ध झाले. आगमांतील साधनेला योगशास्त्र, शरीरशास्त्र आणि आधुनिक मानसशास्त्र यांची जोड देऊन त्यांनी ही पद्धती सिद्ध केली. कायोत्सर्ग, अंतर्यात्रा, श्वासप्रेक्षा, शरीरप्रेक्षा, चैतन्यकेंद्रप्रेक्षा, लेश्याध्यान आणि अनुप्रेक्षा ही तिची प्रमुख अंगे होत. ‘प्रेक्षा’ म्हणजे नीट पाहणे. क्रोध आला असता त्याच्याशी झगडण्यापूर्वी तो कसा उठतो, श्वास कसा बदलतो, हे साधकाने तटस्थपणे पाहावे, ही तिची पहिली शिकवण. १९८० साली आचार्य तुलसींनी समण श्रेणी स्थापिली. मुनींच्या प्रवासनियमांतून या श्रेणीला काही सवलत असल्यामुळे समणी देशोदेशी जाऊन शिकवू शकल्या. लाडनूं येथील जैन विश्वभारती संस्थानाला १९९१ साली विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि जीवनविज्ञान व प्रेक्षाध्यान हे तेथे पदवीच्या अभ्यासाचे विषय झाले.

परंतु मनोविद्या ही या परंपरेत केवळ बाहेरून आलेली पाहुणी नव्हे. आपले दोष गुरूपुढे उघड करणे याला जैन शास्त्रात ‘आलोचना’ म्हणतात, आणि प्रायश्चित्ताच्या प्रकारांत तिचे स्थान पहिले आहे. ती ऐकण्याचा अधिकार कोणाला, याविषयी स्थानांगसूत्रात आठ गुण सांगितले आहेत. त्यांपैकी चार येथे पाहण्याजोगे आहेत. पहिला, ऐकणारा आचारवान् असावा. स्वतः न पाळणाऱ्याने दुसऱ्याचे दोष ऐकू नयेत. दुसरा, तो अपव्रीडक असावा, म्हणजे सांगणाऱ्याची लाज दूर करणारा असावा. तिसरा, तो निर्यापक असावा; समोरच्याला पेलेल आणि शेवटास नेता येईल एवढेच प्रायश्चित्त त्याने द्यावे. चौथा, तो अपरिस्रावी असावा. ज्या घड्यातून पाणी झिरपत नाही त्याप्रमाणे त्याच्या मुखातून ऐकलेली गोष्ट बाहेर जाता कामा नये. आजचा समुपदेशक ज्याला गोपनीयतेचा नियम म्हणतो, तो हाच होय.

सांगणाऱ्याचेही दहा दोष तेथे गणले आहेत. गुरूला सेवेने आधी प्रसन्न करून मग दोष सांगणे; इतरांनी पाहिले तेवढेच सांगणे; गुरूला नीट ऐकू जाऊ नये अशा गलबल्यात सांगणे; जो स्वतः तोच दोष करतो अशाकडे जाऊन सांगणे, हे त्यांतील काही. मन स्वतःपासून कसे लपते, याचे इतके सूक्ष्म निरीक्षण ज्यांनी केले त्यांना मानसशास्त्र परके कसे म्हणावे?

इतर धर्मांतही हा विचार झालेला आहे. अमेरिकेत अँटन बॉयसन हे धर्मोपदेशक स्वतः तीव्र मनोविकारातून गेले होते. १९२५ साली त्यांनी वूस्टर येथील मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणून रुग्णांच्या सहवासात शिक्षण देण्यास आरंभ केला. ग्रंथांइतकीच जिवंत माणसेही वाचली पाहिजेत, हे त्यांचे सूत्र होते. महाराष्ट्रात येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांनी १९७० नंतरच्या दशकात पुण्यास धर्मगुरूंच्या समुपदेशन-शिक्षणाची संस्था काढली; ‘साधना’ या नावाने ती पुढे लोणावळ्यास गेली.

येथे एक मर्यादा मात्र विसरता येत नाही. महाप्रज्ञांनी चैतन्यकेंद्रांचा संबंध अंतःस्रावी ग्रंथींशी जोडून दाखविला. साधकाला एकाग्रतेसाठी तो उपयोगी पडेल. पण त्यावरून ग्रंथीच्या रोगाचे निदान करू नये. दिवसचे दिवस झोप नाही, अन्न नकोसे झाले, कानी नसलेले आवाज येतात किंवा जगणे संपवावे असे बोल निघतात, अशा मनुष्याला केवळ जप सांगून परत पाठविणे हा अपराध होय. त्याला एकटे न सोडता, विलंब न करता मनोविकारतज्ज्ञाकडे पोचविले पाहिजे. २०२२ साली भारत सरकारने ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक पुरोहिताला पंचांगाइतकाच ठाऊक असावा. आपल्या विद्येची सीमा ओळखणे हेही विद्येचेच अंग आहे.

गीतेचा शेवट या दृष्टीने पुन्हा वाचावा. अठराव्या अध्यायात सर्व ज्ञान सांगून झाल्यावर श्रीकृष्ण आज्ञा करीत नाहीत. ६३ व्या श्लोकात ते अर्जुनाला पूर्ण विचार करून इच्छेस येईल तसे करण्यास सांगतात. पुढे ७२ व्या श्लोकात, एकाग्र चित्ताने ऐकलेस ना आणि मोह गेला ना, असे ते विचारूनही घेतात. म्हणजे आधी ऐकणे, मग अधिकार पाहून सांगणे, निर्णय ज्याचा त्याला करू देणे आणि शेवटी गुण आला की नाही याची विचारपूस करणे, असा हा चार पायऱ्यांचा पाठ आहे. वेदपाठशाळेत, कीर्तनाच्या वर्गात वा मठात शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने संथेबरोबर याचाही अभ्यास करावा, आणि पहिल्या पायरीस सर्वांत अधिक वेळ द्यावा.