करसूट : व्यक्तीची आणि कुटुंबाची

प्राप्तिकराच्या कायद्यात करदात्याला दिलासा देण्याचे तीन मार्ग आढळतात. नित्याच्या बोलण्यात या तिन्हींना सरसकट ‘सूट’ म्हटले जाते. परंतु त्यांचे कार्य एकमेकांहून भिन्न आहे आणि हा भेद ध्यानात घेतल्याखेरीज करसुटीचा खरा लाभ कोणाला होतो, हे उमगत नाही.

पहिला मार्ग करमुक्त मर्यादेचा. उत्पन्नाच्या आरंभीच्या टप्प्यावर कर आकारलाच जात नाही. दुसरा मार्ग वजावटीचा. आयुर्विम्याचा हप्ता किंवा भविष्यनिर्वाह निधीत भरलेली रक्कम प्रथम उत्पन्नातून वजा केली जाते आणि उरलेल्या उत्पन्नावर कर काढला जातो. तिसरा मार्ग करसुटीचा. येथे उत्पन्नाला हात लावला जात नाही. पूर्ण कराची रक्कम निश्चित करून मग त्या रकमेतून ठरावीक भाग कमी केला जातो.

वरवर पाहता हे केवळ हिशेबाच्या क्रमाचे प्रश्न वाटतात. परंतु त्यांत न्यायाचा प्रश्नही दडलेला आहे. एक हजार रुपयांची वजावट मिळाली, तर तीस टक्के दराने कर देणाऱ्याचे तीनशे रुपये वाचतात. पाच टक्के दराने कर देणाऱ्याचे केवळ पन्नास. म्हणजे उत्पन्न जितके अधिक, तितका वजावटीचा लाभ मोठा. याउलट, गुंतवणुकीच्या वीस टक्के इतकी सूट प्रत्यक्ष करातून द्यावयाची असे ठरविले, तर दोघांचेही दोनशे रुपयेच वाचतात. भारतात हे दोन्ही प्रयोग झालेले आहेत. बचतीवरील ‘८०-सी’ कलमाची वजावट रद्द करून १९९१-९२ या करनिर्धारण वर्षापासून तिच्या जागी ‘८८’ कलमाखालील करसूट आणली गेली; २००५ मध्ये शासन पुन्हा वजावटीकडे वळले.

अल्प उत्पन्न गटासाठी करसूट

ज्या करसुटीची आज सर्वाधिक चर्चा होते, तिचा उगम २०१३ च्या वित्त अधिनियमात आहे. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमात त्या वर्षी ‘८७-ए’ हे कलम घालण्यात आले. ज्यांचे करपात्र उत्पन्न पाच लाख रुपयांपर्यंत आहे अशा व्यक्तींच्या करातून २,००० रुपयांपर्यंत सूट द्यावी, अशी ती मूळ तरतूद होती. २०१६ मध्ये ही रक्कम ५,००० रुपये करण्यात आली. २०१७ मध्ये ती २,५०० रुपयांवर आणून उत्पन्नाची मर्यादाही साडेतीन लाखांपर्यंत उतरविण्यात आली. २०१९ मध्ये मात्र मर्यादा पुन्हा पाच लाख व सूट १२,५०० रुपये झाली. कमी दरांच्या पण बहुतेक वजावटी वगळणाऱ्या नव्या करप्रणालीत २०२३ पासून सात लाखांपर्यंत २५,००० रुपये आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून बारा लाखांपर्यंत ६०,००० रुपये सूट मिळू लागली. भांडवली नफ्यासारख्या विशेष दराने आकारणी होणाऱ्या उत्पन्नावरील कर मात्र या नव्या प्रणालीतील सुटीच्या बाहेर ठेवण्यात आला.

‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य सर्वतोमुखी झाले, तरी ते अर्धेच खरे आहे. नव्या प्रणालीची करमुक्त मर्यादा चार लाखांचीच ठेवलेली होती. चार ते आठ लाखांवर पाच टक्के आणि आठ ते बारा लाखांवर दहा टक्के मिळून होणारा ६०,००० रुपयांचा कर सुटीमुळे शून्यावर येतो, इतकेच. उत्पन्न मर्यादेच्या पलीकडे गेले की सूट नाहीशी होते आणि चार लाखांपासूनचा सगळा कर पुन्हा उभा राहतो.

या कड्याचे स्वरूप जुन्या प्रणालीत अधिक स्पष्ट दिसते. साठ वर्षांखालील करदात्याचे करपात्र उत्पन्न नेमके पाच लाख असेल, तर त्याला काहीही भरावे लागत नाही. तेच उत्पन्न ५,०१,००० रुपये झाले, तर १२,७०० रुपये कर व त्यावर चार टक्के उपकर मिळून १३,२०८ रुपये द्यावे लागतात. अर्थात एक हजार रुपयांची अधिक कमाई त्याला तेरा हजारांना पडते. नव्या प्रणालीत हा दोष सीमान्त सवलतीने सौम्य केला आहे. बारा लाखांवर जितके उत्पन्न अधिक, त्याहून अधिक कर घ्यावयाचा नाही, असा तो नियम आहे. त्यामुळे १२,१०,००० रुपये उत्पन्नावर हिशेबाने ६१,५०० रुपये कर येत असला, तरी उपकर वगळता १०,००० रुपयेच आकारले जातात.

निवासी कोण?

ही सूट केवळ भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला दिलेली आहे. येथे ‘निवासी’ या शब्दाचा नागरिकत्वाशी संबंध नाही. संबंध आहे तो देशात काढलेल्या दिवसांशी. एखाद्या वर्षात १८२ वा त्याहून अधिक दिवस भारतात राहिलेली व्यक्ती त्या वर्षापुरती निवासी ठरते. वर्षातील ६० दिवस आणि मागील चार वर्षांतील मिळून ३६५ दिवस अशी दुसरी कसोटीही आहे. परंतु नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या किंवा तेथून भेटीस येणाऱ्या भारतीयांसाठी ती शिथिल केलेली आहे.

याचा परिणाम ठळकपणे जाणवतो तो केरळ वा कोकण यांसारख्या प्रदेशांतील घरांत, जेथील माणसे आखाती देशांत नोकरी करतात. दोन भावांना वडिलोपार्जित इमारतीच्या भाड्यापासून प्रत्येकी सहा लाख रुपये करपात्र उत्पन्न होते, असे समजू. २०२५-२६ च्या नव्या प्रणालीनुसार गावी राहणाऱ्या भावाचा दहा हजारांचा कर सुटीमुळे माफ होतो. वर्षभर परदेशी असलेल्या भावाला मात्र उपकरासह १०,४०० रुपये भरावे लागतात. उलटपक्षी, भारतात वर्षभर काम करणारा परकीय नागरिक या सुटीस पात्र ठरतो.

कुटुंबाचे स्थान

‘व्यक्ती’ हा शब्दही येथे तितकाच महत्त्वाचा आहे. भारतीय प्राप्तिकर कायद्याने १९२२ च्या अधिनियमापासून हिंदू अविभक्त कुटुंबास स्वतंत्र करदाता म्हणून मान्यता दिलेली आहे. अशा कुटुंबास करमुक्त टप्पा मिळतो, ‘८७-ए’ ची सूट मात्र मिळत नाही. पतिपत्नी व मुले यांचे जे घर आपण सामान्यतः कुटुंब म्हणून ओळखतो, त्याला तर या कायद्यात करदाता म्हणून अस्तित्वच नाही. पतीची आकारणी निराळी, पत्नीची निराळी.

कुटुंबभाराचा विचार पूर्वी झालाच नव्हता, असे नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांनी १९५५ च्या अर्थसंकल्पात विवाहितांसाठी दोन हजार व अविवाहितांसाठी एक हजार रुपये असे निरनिराळे करमुक्त टप्पे सुचविले. त्या दशकाच्या उत्तरार्धात त्यात अपत्यांचाही समावेश झाला. अपत्यहीन विवाहितास ३,०००, एक अपत्य असल्यास ३,३०० आणि दोन वा अधिक असल्यास ३,६०० रुपये असे ते टप्पे होते. कालांतराने हा भेद मावळला. स्त्रियांसाठी २००० साली आणलेली ५,००० रुपयांची करसूट २००५ मध्ये अधिक करमुक्त मर्यादेत रूपांतरित झाली आणि २०१२-१३ या आर्थिक वर्षापासून तीही उरली नाही.

गोव्याची स्थिती मात्र निराळी आहे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार विवाहानंतर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते. त्यामुळे १९६१ च्या अधिनियमातील ‘५-ए’ कलमाने गोवा, दमण-दीव आणि दादरा व नगर हवेली येथे ही पद्धती लागू असलेल्या दांपत्याचे वेतनाखेरीज इतर उत्पन्न दोघांत समसमान विभागण्याची व्यवस्था केली. एकाच दुकानाचा दहा लाखांचा नफा मडगावात दोघांच्या नावे पाच-पाच लाख मोजला जातो. तोच कोल्हापुरात एकाच्या नावे लागतो.

दोन घरे, एक उत्पन्न

या विभागणीचे महत्त्व एका उदाहरणावरून कळेल. दोन शेजारी घरांचे करपात्र उत्पन्न प्रत्येकी सोळा लाख आहे. पहिल्या घरात पतिपत्नी दोघेही आठ-आठ लाख मिळवितात. प्रत्येकाचा २०,००० रुपयांचा कर सुटीत विरून जातो. दुसऱ्या घरात एकच व्यक्ती सोळा लाख मिळविते आणि तिच्यावर वृद्ध मातापिता व मुले अवलंबून आहेत. २०२५-२६ च्या दरांनी तिचा कर १,२०,००० व उपकर ४,८०० रुपये होतो. घरात येणारा पैसा समान, खाणारी तोंडे कदाचित दुसऱ्या घरात अधिक. तरी कराचा भार सव्वा लाखाच्या जवळपास एकाच घरावर.

फ्रान्सने १९४५ पासून यावर उपाय म्हणून कुटुंबाचे एकूण उत्पन्न ‘भागां’त वाटण्याची पद्धत स्वीकारली. तीत पतिपत्नींचा एकेक व पहिल्या दोन अपत्यांचा अर्धा अर्धा भाग धरला जातो. ब्रिटनने याच्या उलट वाट धरून १९९० मध्ये विवाहित स्त्रीची आकारणी पतीपासून स्वतंत्र केली. दोन्ही बाजूंस अर्थ आहे. उत्पन्न एकत्र मोजले की नव्याने नोकरीस लागणाऱ्या पत्नीच्या पहिल्या रुपयापासूनच पतीच्या वरच्या दराने कर लागू शकतो आणि तिच्या अर्थार्जनाचे आकर्षण घटते. व्यक्तिनिहाय आकारणी तिला स्वतंत्र करदाती म्हणून मान देते. पण एकाच्या कमाईवर चालणाऱ्या घराचा भार तिला दिसत नाही.

आणखी एक मर्यादा विसरता येत नाही. अमेरिकेत १९७५ पासून अल्प वेतन मिळविणाऱ्यांसाठी असलेली करसवलत कराच्या रकमेहून अधिक भरल्यास उरलेली रक्कम रोख देते. भारतीय करसूट अशी परत मिळत नाही. देय करापुरतीच ती मर्यादित असते. परिणामी ज्याचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खालीच आहे, त्या शेतमजुराच्या किंवा फेरीवाल्याच्या घरी या सुटीतून एक पैसाही पोहोचत नाही. अशा घरांचा आधार शिधा, निवृत्तिवेतन व शिष्यवृत्ती यांसारख्या खर्चाच्या योजनांतच शोधावा लागतो. म्हणून मर्यादा किती लाखांनी वाढली, एवढेच पाहून करसुटीचे मोल ठरविता येणार नाही. ती कोणाला दिली आणि कोणाच्या घरापर्यंत पोहोचलीच नाही, हेही त्याबरोबर तपासले पाहिजे.