बारा तासांची बातमी आणि पगाराचा हिशोब

3 सप्टेंबर 2025 ला राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची कामाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर न्यायला मंजुरी दिली. वळसंगहून सोलापूरला टॉवेल कारखान्यात मी मागावर कामाला जातो. लगेचच आमचे मुकादम म्हणाले, ‘‘आता कायदाच बारा तासांचा झालाय. ओटी विसरा.’’ त्या महिन्याच्या पगाराच्या पावतीत ओव्हरटाइमच्या (ओटीच्या) रकान्यात शून्य होतं.

मंत्रिमंडळाची मंजुरी म्हणजे कायदा नव्हे. दुरुस्ती रीतसर लागू होईपर्यंत जुनाच नियम चालतो. शिवाय त्या निर्णयातही कामगाराची लेखी संमती आणि तिमाहीला जास्तीत जास्त 144 तास ओव्हरटाइम (आधी 115) या अटी होत्याच. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कारखाने कायद्यानुसार आठवड्याला 48 तासांवरच्या कामाला दुप्पट दर होता. रोज बारा तास, सहा दिवस म्हणजे 72 तास. त्यातले 24 ओटीचे. तेरा आठवड्यांत ते 312 होतात, म्हणजे नव्या मर्यादेच्याही दुपटीहून जास्त!

हा हिशोब घेऊन आम्ही काही जण व्यवस्थापकांकडे गेलो. हजेरीपुस्तक ऑफिसच्या कपाटात होतं, पण एका सोबत्याने घरच्या कॅलेंडरवर रोज आत-बाहेरची वेळ पेनाने लिहून ठेवली होती. त्याची थकबाकी आधी निघाली. ज्यांच्याकडे काहीच नोंद नव्हती, त्यांना बरंच भांडावं लागलं.

हा दुप्पट दर सरकारलाही सहज काढता आला नव्हता. कोरोनाच्या काळात गुजरात सरकारने ओव्हरटाइमच्या दुप्पट दराची सक्ती उठवली होती. 1 ऑक्टोबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेत वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरतात. त्यामुळे मूळ पगार नावापुरता ठेवून ओटी कमी काढणं आता अवघड आहे. थकलेल्या पैशांचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि पैसे दिल्याचा पुरावा मालकानेच द्यायचा असतो.

म्हणून मित्रांनो, रोजची वेळ लिहा, पावती मागून घ्या आणि जपून ठेवा. संमतीच्या कोऱ्या कागदावर सही करू नका. पैसे अडले तर एकेकट्याने न जाता सगळे मिळून सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी अर्ज द्या, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.