हाक आणि काम

पौष महिन्यात कलबुर्गीच्या बाजारपेठेत तुरीची आवक वाढली, की अडतीपुढे गाड्यांची रांग लागते. समजा, प्रत्येक शेतकऱ्याने आल्याबरोबर घंटा वाजवावी आणि कारकुनाने हातातील पावती टाकून दाराशी धावावे, असा नियम केला. दहा गाड्या आल्या तर ठीक. हजार आल्या तर कारकून दिवसभर धावेल, पण पावती एकाचीही पुरी होणार नाही.

संगणकातही हीच अडचण उद्भवते. जाळ्यावरून माहिती लहान लहान पॅकेटांच्या रूपाने येते. पॅकेट पोहोचताच नेटवर्क कार्ड प्रोसेसरला हाक देते. या हाकेस ‘इंटरप्ट’ म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, हातातील काम थांबवून तिला ओ देतो. पॅकेटांचा ओघ फार वाढला, तर सारा वेळ हाकांतच जातो आणि तडीस जाणारे काम शून्यावर येऊ शकते, हे जेफ्री मोगल व के. के. रामकृष्णन यांनी 1996 मध्ये दाखवून दिले. यंत्र बंद पडलेले नसते. ते राबतच असते, परंतु निष्फळ.

यावर लिनक्स कर्नेलसाठी 2001 च्या सुमारास जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन व अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह यांनी ‘एनएपीआय’ ही पद्धत मांडली. तीत हाक घेणारा भाग दोनच कामे करतो : कार्डाची घंटा बंद करणे आणि काम आल्याची नोंद ठेवणे. मग दुसरा भाग रांग उपसतो. एका कार्डाची एका खेपेस साधारणतः 64 पॅकेटे, आणि मग इतरांची पाळी. रांग संपली, तरच घंटा पुन्हा उघडावयाची.

हे वर्गात सांगत असता एका मुलीने विचारले, “गुरुजी, रांग संपली असे पाहून घंटा उघडेपर्यंत मध्येच एखादी गाडी आली, तर?” आम्ही क्षणभर निरुत्तर झालो, प्रश्न मर्मावरचा होता. ती गाडी दाराबाहेर तिष्ठत राहील! यास्तव घंटा उघडताच राहिलेल्या गाडीसाठी कार्डाने स्वतः हाक द्यावी. तशी सोय नसेल, तर घंटा उघडल्यावर कर्नेलने पुन्हा एकदा रांगेकडे पाहावे.

म्हणूनच घंटा कोण बंद करतो, कोण उघडतो आणि कोणत्या क्रमाने, हे प्रोग्रॅममध्ये एका दृष्टिक्षेपात कळले पाहिजे. हे दहा ठिकाणी विखुरले, तर अशी चूक महिनोन्‌महिने दडून राहते आणि ऐन गर्दीत प्रकट होते. हाकेला ओ थोडक्यात द्यावी, काम मात्र सावकाश व पुरते करावे, हाच या पाठाचा बोध होय.