धार, दोर आणि दुप्पट उंची

प्रस्तरारोहण म्हणजे रॉक क्लाइंबिंग. हा शब्द मागच्या वर्षीपर्यंत मला धड लिहिता येत नव्हता. कॉन्व्हेंटमध्ये मराठी म्हणजे आठवड्यातले मोजके तास, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या. गणिताच्या चुका मात्र जरूर दाखवा, कारण या विषयात गणित चुकलं की पाय मोडतो. एक मोडलेला आहे.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही पाच जण बालाघाटाच्या एका घाटाखाली गेलो होतो. तिथे काळ्या कातळाची एक धार आहे. धार म्हणजे कड्याच्या दोन भिंती जिथे कोपऱ्यासारख्या मिळतात ती उभी कड. उंची असेल चाळीसेक फूट. हार्डवेअरच्या दुकानातून किलोवर घेतलेला निळा नायलॉन दोर, आणि पुढे आमचा सीनियर. त्याला सगळं हॉस्टेल भैय्याच म्हणतं. त्याने दोर कमरेला बांधला, आठ फुटांवर एका दगडाच्या बोंडाला फास अडकवून त्यातून दोर घेतला आणि वर निघाला. खालचं टोक माझ्या हातात. "धर रे नीट!" "धरलंय, भैय्या." अठरा फुटांवर त्याचा पाय सुटला. दोर ताणला जायच्या आत तो जमिनीवर होता. घोटा मोडला.

नंतर कितीतरी दिवस मेसमध्ये एकच प्रश्न. "तू धरला नव्हतास का?" मलाही तसंच वाटायचं. मग एका रात्री वहीवर आकृती काढली.

शेवटचा आधार आठ फुटांवर, माणूस अठरावर. म्हणजे तो आधाराच्या दहा फूट वर. पडताना आधी दहा फूट आधारापर्यंत येणार, मग दोर ताणला जाईपर्यंत आणखी दहा फूट खाली. एकूण वीस. पण जमीन अठरा फुटांवरच आहे! थोडक्यात, शेवटच्या आधाराच्या दुप्पट उंचीच्या वर गेलात की दोर असून नसल्यासारखा. दोराचा ताण आणि सैलपणा धरला तर ही मर्यादा आणखी खाली येते. मी एक-दोन फूट सैल दिला असेन, नाकारत नाही. पण सोळा फुटांनंतर जगातला कोणीही दोर धरून बसला असता तरी भैय्या जमिनीवरच आला असता. हे आम्हा पाच भावी इंजिनियरांपैकी एकालाही तेव्हा सुचलं नाही. उलट तो सोळाच्या वर गेला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवत होतो.

हा हिशोब आधीच करून, समजून उमजून त्या मर्यादेच्या जवळ चढणारी माणसं इंग्लंडात आहेत. डर्बीशायर परगण्यात ग्रिटस्टोन नावाचा खरबरीत वालुकाश्म आहे. सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणलेल्या जाड वाळूचा हा दगड. पूर्वी त्यापासून जात्याची तळी घडवत. हॅदरसेज गावाजवळच्या अशाच एका जुन्या खाणीचं नाव मिलस्टोन एज. तिथली एक गुळगुळीत उभी धार रॉन फॉसेट या आरोहकाने १९८३ च्या डिसेंबरात प्रथम चढली. नाव मास्टर्स एज, श्रेणी 'ई सेव्हन'. या 'ई' श्रेणीत नुसती अवघड चढाई मोजत नाहीत, पडलात तर काय होईल तेही मोजतात. तिथे खडकात बोल्ट ठोकायचा नाही असा रिवाज. आधार म्हणजे खाणकामगारांनी मारलेली सुरुंगाची भोकं, तीही मध्यावर. आपल्याकडे विहीर खोदताना मारतात तशीच. त्यात धातूची साधनं अडकवायची, आणि त्याच्या वर शेवटपर्यंत काही नाही. डिसेंबर का? थंडीत बोटांना घाम येत नाही आणि ग्रिटवर पकड वाढते.

आता धारेवर अंग कसं तोलायचं ते पाहू. धारेवर पकडायला बहुधा फक्त कड असते. हात कड स्वतःकडे ओढतात, पाय भिंतीला विरुद्ध दाबतात. त्या दाबातूनच घर्षण मिळतं. पाय हातांच्या जवळ घेतले तर दाब वाढतो, घसरण टळते, पण हात लवकर थकतात. लांब ठेवले तर हातांना आराम आणि पाय घसरणार. दुसरी भानगड दाराची. हात आणि पाय एकाच उभ्या रेषेत आले की ती रेषा बिजागरी होते आणि अख्खं शरीर दारासारखं भिंतीपासून उघडू लागतं. उपाय म्हणजे गुरुत्वमध्य त्या रेषेजवळ आणणे, किंवा मोकळा पाय पसरून उलटा मोमेंट देणे. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधलं कपल आठवा, तेच. भैय्याचं नेमकं दार उघडलं होतं.

आपल्या राज्यातली प्रसिद्ध धार म्हणजे लिंगाणा. रायगड आणि तोरणा यांच्या मधला २९६९ फुटांचा हा सुळका. मोहरी गावातून बोराट्याची नाळ उतरून लिंगाण्याच्या खिंडीत यायचं, तिथून अंदाजे हजार फूट चढाई, बरीचशी धारेनेच. मध्ये गुहा आणि पाण्याचं टाकं आहे. शिवकाळात इथे कैदी ठेवत असं सांगतात. ग्रिटस्टोनवरचा बिनबोल्टचा रिवाज मात्र इथे चालत नाही. आपला बेसाल्ट लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. बीडचा बालाघाट काय, लिंगाणा काय, दगड तोच. आपल्या अंबाजोगाईचा हत्तीखानाही यातच कोरलेला. कोरायला छान, पण साधन घट्ट बसेल अशा सरळ भेगा कमी आणि दोन थरांमध्ये मुरमाड घसारा. म्हणून इथे बोल्ट आणि पिटॉन लागतात. पावसाने ते गंजतात, त्यामुळे दिसला बोल्ट की अडकवला दोर, असं करायचं नाही.

शेवटी दोराबद्दल. लिंगाण्यावर चढाई टप्प्याटप्प्याने होते, तिथे फॉल फॅक्टर कळायलाच हवा. पडण्याची लांबी भागिले वापरात असलेला दोर. शंभर फूट दोर सोडलेला असताना वीस फूट पडलात तर ०.२. पण टप्पा सोडून दहाच फूट वर गेलात, मध्ये आधार नाही आणि पडलात, तर वीस भागिले दहा, म्हणजे २. पडणं दोन्हीकडे वीस फूटच. पण दुसऱ्या वेळी झटका शोषायला दोर दहाच फूट. गिर्यारोहणाचा डायनॅमिक दोर ताणून हा झटका खातो. यूआयएए या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या चाचणीत ८० किलो वजन सुमारे १.७ फॅक्टरने किमान पाच वेळा पाडतात, आणि पहिल्या वेळी बल १२ किलोन्यूटनच्या वर जाऊन चालत नाही. मोठ्या पडण्यात हे बल साधारण दोराच्या ताठपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. दोर चौपट ताठ, तर झटका जवळजवळ दुप्पट. दुकानातल्या दोराचा ताठपणा कुणी मोजलेला नसतो. तो ओझं बांधायला केलेला, पडणारा माणूस झेलायला नाही. आणि तोच दोर हार्नेसशिवाय कमरेला बांधलेला असेल तर फासळ्यांचं काय होईल ते तुम्हीच ठरवा.

हे सगळं लिहायचं कारण असं की डिसेंबरात लिंगाण्याला जायचं पुन्हा ठरतंय, आणि 'आपला निळा दोर आहे की' असं दोघांनी माझ्यासमोर म्हटलं. सध्या ठरलंय ते इतकंच. अनुभवी गिर्यारोहण संस्थेबरोबर, त्यांच्या दोरावर, त्यांच्या हार्नेसमध्ये जायचं. त्याआधी दोन रविवार बिले देण्याचा, म्हणजे दोर सांभाळण्याचा सराव. भैय्याचं प्लास्टर निघालंय, तोही येणार, पण खिंडीपर्यंतच. नावं माझ्याकडे द्यावीत. निळा दोर गच्चीवर कपडे वाळत घालायला बांधला आहे, कृपया सोडू नये.