येलहंक्यात घर घेण्यापूर्वी

बंगळूरच्या उत्तरेस येलहंका येथे 1963 पासून भारतीय हवाई दलाचा तळ असून वाहतूक विमानांच्या वैमानिकांना तेथे प्रशिक्षण दिले जाते. त्याच्या दक्षिणेस जक्कूरची छोटी धावपट्टी आहे, जिथून कर्नाटक शासनाच्या उड्डाण प्रशिक्षण शाळेची लहान विमाने उडतात. या परिसरात घर पाहणारे केंपेगौडा विमानतळावरील मोठ्या विमानांची धास्ती घेतात. परंतु डोक्यावरून पुनःपुन्हा जातात ती शिकाऊ वैमानिकांची विमाने, असा प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाचा अनुभव आहे.

शिकाऊ वैमानिक ज्या आयताकृती मार्गाने फिरतो त्याला 'सर्किट' म्हणतात : वाऱ्याला सामोरे उड्डाण, दोन वळणे, धावपट्टीला समांतर उलटा प्रवास, आणखी दोन वळणे आणि अवतरण. चाके टेकताच पुन्हा उडण्याच्या सरावास 'टच अँड गो' म्हणतात, आणि तो चालू असला की तेच विमान काही मिनिटांनी परत येते. समांतर मार्गाखाली, सामान्यतः 1000 फुटांवरून, नुसती घरघर ऐकू येते. उतरणाऱ्या विमानाचे इंजिन मंद असते. खरा जाच उड्डाणाच्या टोकापलीकडील घरांना होतो, कारण तेथे इंजिन पूर्ण जोरावर असते, आणि बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 3000 फूट उंच असल्याने, विरळ व उन्हाळ्यात तापलेल्या हवेत विमान सावकाश चढते. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्यास पंखांखालची 'व्हीटी'ने सुरू होणारी नोंदणीची अक्षरेही ओळखू येतात.

दोन्ही धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम आहेत. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून वाहत असल्याने विमाने पश्चिमेकडे झेपावतात आणि हिवाळ्यात बहुधा पूर्वेकडे. म्हणून धावपट्टीच्या पश्चिमेचे जे घर डिसेंबरात शांत वाटते तेच जुलैत नकोसे होते. ही गोष्ट दलाल सांगत नाही, आणि त्याने ती सांगावी ही अपेक्षाही भाबडीच. यासाठी नकाशावर धावपट्टीची रेघ दोन्ही टोकांना वाढवून पाहावी, दोन्ही ऋतूंत कामाच्या दिवशी सकाळी गच्चीवर तासभर थांबावे, आणि इमारतीच्या उंचीला मिळालेले ना-हरकत प्रमाणपत्र बिल्डरकडून मागून वाचावे.

1996 पासून दर दोन वर्षांनी येलहंका तळावर भरणाऱ्या 'एरो इंडिया' या विमानप्रदर्शनाचा गोंगाट त्या मानाने थोड्याच दिवसांचा असतो. राहायला आल्यावर तक्रार करायचीच झाली तर तारीख, वेळ, दिशा आणि नोंदणीची अक्षरे लिहून ठेवावीत. 'फार आवाज होतो' एवढ्या मजकुराच्या अर्जावर कोणतेही कार्यालय काही करू शकत नाही.